काळ्याशेजारी काळं

दगडांना छप्पर आणि म्हशीला ऊन, हा न्याय आवरमावशीला काही केल्या पटत नव्हता. गोठा तिचा, म्हैस तिची, आणि आत ऐसपैस पसरले होते ते दगड. तेही साधेसुधे नव्हेत. मनगटाएवढे जाड, गोल, गुळगुळीत, कातून काढल्यासारखे. हिऱ्याचे दात लावलेली नळी गरगर फिरवत जमिनीच्या पोटात घालायची आणि पोटातलं जे काही असेल ते नळीत धरून वर ओढायचं, असं ते काम होतं. त्या दगडांना इंग्रजीत काहीतरी नाव होतं, पण गावाने त्यांना कांड्या म्हणायला सुरुवात केली आणि शेवटी मॅडमही कांड्याच म्हणू लागल्या.

मॅडम म्हणजे कोळसा शोधायच्या प्रकल्पावरच्या भूगर्भतज्ज्ञ. डोक्याला टोपी, कमरेला हातोडी, गळ्यात दोऱ्याने बांधलेलं भिंग. कांडी डोळ्याशी धरून ती कधीच्या काळची, पाण्यात जमली की चिखलात, हे त्या सांगायच्या. कांड्या ठेवायला त्यांना पक्क्या छपराची जागा हवी होती. गावात तशी जागा एकच, आवरमावशीचा गोठा. त्यात फरशी होती आणि ती फरशी रोज धुतली जायची.

गावाने तिला आवरमावशी म्हणायला कारण होतं. कुणाच्या घरी दुःखाला गेली तरी बसल्या बसल्या तिथल्या चपला जोडीने लावून यायची. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिने एकदा डॉक्टरच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या होत्या आणि दोन दिवस कंपाउंडर औषधं शोधत फिरत होता. जित्याची खोड, ती अशी जाते थोडीच.

म्हैस झाडाखाली बांधली गेली. दिवसातून तीनदा ती दावं ताणून गोठ्याच्या दाराशी यायची, आत मान घालून आपल्या जागेवरचे दगड बघायची आणि फुसकन नाकातून हवा सोडायची. मावशीही मग तिच्या बाजूने चार शब्द बोलायची. पण हे सगळं तोंडदेखलं. मनातून मावशी त्या दगडांवर बेहद्द खूश होती.

कारण असं, की दरवर्षी सुगी आटोपली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि तिचा लेक, सून आणि इवलीशी नात दूरच्या वीटभट्टीवर जायची. गाठोडी ट्रकात चढली की घरात उरायची ती आणि म्हैस. ती बडबडायची, म्हैस रवंथ करायची. सहा महिने घरात काही विस्कटायचंच नाही. ठेवलेलं भांडं ठेवल्या जागी राहायचं आणि तेच तिला खायला उठायचं. यंदा मात्र मशीन आलं, लेक मशीनवर हेल्पर म्हणून लागला आणि सुनेला मॅडमनी कांड्या धुऊन पेटीत लावायच्या कामाला घेतलं. ट्रक आला तसा रिकामा गेला. दगडापेक्षा वीट मऊ, असं लोक म्हणतात. पण या घराला यंदा दगडच मऊ लागला होता.

आता भीती एवढीच होती, की कोळसा लागला नाही तर मशीन दुसरीकडे जाईल. मुकादम जाताना सांगून गेला होता, "भट्टीवर माणसं कमी आहेत. बाजाराच्या दिवशी गाडी फिरवतो दर वेळी. मनात आलं तर बसा." दर बाजारी तो ट्रक हळू करून दाराशी हॉर्न वाजवायचा, आणि दर बाजारी मावशी तेवढा वेळ मुद्दाम भांडी घासायला बसायची, जोरजोरात.

त्या दिवशी वरचे साहेब यायचे होते. कांड्या बघणार आणि मुक्काम ठेवायचा की हलवायचा ते ठरवणार. नेमकं सकाळीच मशीनवर काहीतरी अडलं. भोकात दांडा अडकला, आणि मॅडम होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्यांना घेऊन तिकडे धावल्या. सूनही निघाली.

"आई, म्हशीला आत येऊ देऊ नका. सकाळच्या पेट्या तशाच आहेत चिखलाच्या. मी येऊन बघते."

"जा गं तू. मी आहे ना."

रोज निघताना सून अजून एक वाक्य बोलायची, 'कांड्यांना हात नाही लावायचा, आई.' आज घाईत तेवढं राहिलं.

मावशी दारात उभी राहिली. समोर पहाटेपासून मशीनवरून आलेल्या पेट्या होत्या. पेटी म्हणजे लांब लाकडी खोकं, आत लांबच्या लांब खाचा. जमिनीतून वर आल्या त्या क्रमाने कांड्या त्या खाचांतून एकीपुढे एक ठेवायच्या, आपण पाटीवर ओळी लिहितो तशा. पण मावशीला दिसलं ते वेगळंच. बोटभर काळं, मग करडं, मग पिवळट, परत काळ्याचा एक टवका, मग पुन्हा करडं. त्यावर चिखल बरबटलेला. मध्ये मध्ये लाकडाचे छोटे ठोकळे खुपसलेले. भांड्यांच्या मांडणीत कुणी चमचे, झारे, झाकण्या एकत्र कोंबाव्यात तसं ते सगळं दिसत होतं. आणि साहेब येणार होते. साहेबांनी हे बघितलं असतं तर बोल कुणाला लागला असता? सुनेला.

मावशीने पदर खोचला.

बादलीभर पाणी आणलं, घासायची काथ्याची शेंडी आणली आणि एकेक कांडी मांडीवर घेऊन लेकराला न्हाऊ घालावं तशी धुतली. चिखल गेला तसे रंग निघाले. काळ्या तुकड्यांना तर अशी चकाकी आली की तिलाच कौतुक वाटलं. ते हाताला हलके होते, करडे त्याहून जड, पिवळे खरबरीत. धुऊन झाल्यावर तिने पेट्या फडक्याने पुसल्या आणि लावायला बसली. काळ्याशेजारी काळं. करड्याशेजारी करडं. मोठे आधी, लहान मागे, चुरा कडेला. पिवळट कांड्यांची तर अशी जोडणी जमली की बोट फिरवलं तरी खाच लागेना. ठोकळे मात्र कुठेच बसेनात. त्यांच्यावर काहीतरी आकडे खरडलेले होते, पण लाकूड छान वाळलेलं होतं. तिने ते पदरात घेतले, चुलीजवळच्या जळणाच्या टोपलीत टाकले आणि एक ठोकळा अंगणातल्या पाण्याच्या पिंपाखाली सारला. ते पिंप कित्येक दिवस डुगडुगत होतं. हातासरशी तेही काम झालं.

कंबर दाबत ती उठली आणि मागे सरून पाहिलं. म्हशीनेही दारातून पाहिलं. सगळं कसं नेटकं होतं.

साहेबांची गाडी आली ती मॅडम मशीनवर असतानाच. साहेब तसे दगडातले नव्हते. ते परवानग्या, मशीनं आणि माणसं यांचा कारभार बघायचे. उंच, घामाघूम, पायात नवे कोरे बूट. "मॅडम कुठायत?" म्हणत ते गोठ्यात शिरले आणि पहिल्या पेटीपाशी थबकले. मग खाली वाकले. मग गुडघ्यावरच बसले.

"हा सगळा कोळसा इथे लागला?"

"हो साहेब. पहाटेपासून आलाय," मावशी म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

"एवढा जाड थर? सलग?"

"बसा ना, चहा टाकते."

साहेबांचं चहाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला, रेंज मिळेना म्हणून दाराशी गेले, मग अंगणात, मग परत आत येऊन थेट गव्हाणीवर चढले आणि हात वर करून फोन कौलांना लावला. "हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का? अहो, लॉटरी लागली आहे, लॉटरी." पलीकडून काहीच येत नव्हतं. आपल्या गव्हाणीत उभा असलेला माणूस म्हशीला खपला नाही. ती दारातून ओरडली, आणि तेवढा आवाज पलीकडे पोचला असेल तर असेल.

"आता बघा," साहेब वरूनच मावशीला सांगू लागले, "वर्षभर तरी मुक्काम हलत नाही इथून. अजून दोन मशीनं आणतो. गोठा आम्हालाच ठेवा, म्हशीला नवीन शेड बांधून देतो."

मावशीच्या पायाखालची फरशी जणू हलकी झाली. वर्षभर! लेक घरात, सून घरात, नात अंगणात. चहात साखर दोनदा पडली.

एवढ्यात मॅडम आल्या, मागे सून, मागे मशीनवरचा मिस्त्री आणि लेक. चौघेही कमरेपर्यंत राखाडी चिखलाने माखलेले. दांडा सुटला होता म्हणून खुशीत होते. मॅडम पेट्यांपाशी आल्या आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी भिंगाला हातही लावला नाही. एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर नजर फिरवली, ठोकळे शोधले, ते नव्हते.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सासूकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, ओल्या काथ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"हे कोणी लावलं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"मी," सून म्हणाली.

मावशीला काहीतरी चुकलंय एवढंच कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. पण सुनेची मान खाली गेलेली तिला दिसली. गप्प राहिलं तर काय आणि बोललं तर काय, हे समजण्याइतकी ती हुशार होती. साहेब अजून गव्हाणीवर होते. वर्षभराचा मुक्काम अजून हवेत तरंगत होता. गप्प राहणं अगदी सोपं होतं. तिने चहाचं पातेलं खाली ठेवलं.

"ती खोटं बोलतेय, मॅडम. ती तर तुमच्याबरोबर चिखलात होती. मी लावलंय ते. गचाळ दिसत होतं, म्हणून आवरलं."

"आवरलं म्हणजे?" साहेबांनी वरून विचारलं.

"धुतलं आधी. मग काळ्याशेजारी काळं ठेवलं, करड्याशेजारी करडं. कुणाला लाज वाटू नये असं."

लेकाने कपाळाला हात लावला आणि चिखलाचे पंजे कपाळावर उमटले. साहेब सावकाश गव्हाणीवरून उतरले, फोनकडे पाहिलं आणि तो लागला नाही याबद्दल त्यांनी बहुधा मनात कुणाचे तरी आभार मानले. मॅडम उलट्या बादलीवर बसल्या आणि त्यांनी तोंडावर हात धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. मावशीला वाटलं, रडतात की काय बाई. ती पुढे झाली, तेव्हा दिसलं की बाई हसतायत. इतक्या हसत होत्या की गळ्यातलं भिंग उड्या मारत होतं.

"मावशी, जमिनीने कोट्यवधी वर्षं खपून हे एकावर एक रचलं होतं. तुम्ही सकाळच्या सकाळी आटोपलंत."

"मग काय चुकलं?"

"अहो, कुठलं वर आणि कुठलं खाली, तेच तर वाचायचं असतं. पुस्तकाची पानं सोडवून तुम्ही त्यांची उंचीप्रमाणे चळत लावलीत."

मावशी मटकन खालीच बसली. "आता?"

"आता परत लावायचं," मॅडम म्हणाल्या. "कांडी जिथे तुटते ना, तिथे तिचं तोंड दुसऱ्या कुणाशी जुळत नाही. फक्त तिच्या सख्ख्या तुकड्याशीच जुळतं. भरपूर तोंडं आहेत, भरपूर हात आहेत. बसा सगळे."

अंगणात पोती अंथरली. मशीन तसंही दुरुस्तीला थांबलं होतं, त्यामुळे झाडून सगळे बसले. मिस्त्री बसला, लेक बसला, सून बसली. साहेब थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे होते. मग त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले, आणि मावशीचा हात आपसूक त्या बुटांकडे जोडीने लावायला गेला. सुनेने तो वरच्यावर धरला.

"आई."

"बरं बरं."

कांडी किती खोलीवरची ते सांगणारे ठोकळे जळणाच्या टोपलीत सापडले. एक कमी भरला, तेव्हा मावशीने मान खाली घालून पिंपाकडे बोट दाखवलं. लेकाने ठोकळा ओढला, पिंप कलंडलं आणि साहेबांचे मोजे भिजले. मिस्त्री उठून झाडामागे गेला आणि बराच वेळ खोकला.

मग ते काम सुरू झालं. एकाच्या हातात एक तुकडा, दुसऱ्याच्या हातात दुसरा, तोंडाला तोंड लावून बघायचं, नाही जमलं तर पुढच्याकडे द्यायचं. मग साहेबांच्या हातात दोन करड्या कांड्या खटकन बसल्या आणि साहेब असे खुलले, की त्यानंतर त्यांच्या हातातून तुकडा काढून घेणं अवघड झालं. "थांबा, थांबा, हे माझं आहे," असं ते मिस्त्रीला म्हणायचे. उन्हं झाडाच्या पलीकडे सरकली, चहा दोनदा झाला, नात मध्येच येऊन आजीच्या मांडीवर झोपली. पाठी अवघडल्या, बोटांची टोकं काळी झाली. कुणीतरी नाक पुसलं की त्याला मिश्या फुटायच्या.

मावशी मात्र घाबरून एकच तुकडा हातात धरून बसली होती. करडा, पानापानांचा दगड होता तो. त्याच्या तुटलेल्या तोंडावर काहीतरी होतं. तिने पदराने पुसलं. एक पान होतं. जिभेच्या आकाराचं, मधली शीर सरळ, बाजूच्या शिरा केसासारख्या बारीक. अर्धंच होतं.

"मॅडम, यात पान पडलंय."

"पडलंच होतं," मॅडम म्हणाल्या. "माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी. दलदल होती इथे. झाडं पडली, बुडाली, दबली, त्यांचा कोळसा झाला. चिखलात पडलं त्या पानाचा ठसा राहिला. याचं उरलेलं अर्धं शोधा बरं."

मावशीने नातीला सुनेच्या मांडीवर दिलं आणि पोत्यावरून गुडघ्यांनी सरकत एकेक करडा तुकडा पालथा घालून पाहिला. सगळ्यांचे हात थांबले. पिंपाच्या पलीकडे, साहेबांच्या बुटाच्या आड एक जाड चकती पडली होती, तिच्यावर पानाचं टोक होतं. तिने दोन्ही जुळवले. शिरेला शीर लागली. कधीच्या काळी वाऱ्यावर हललेलं ते पान तिच्या काळ्या बोटांत पुन्हा पुरं झालं. मावशीला उगाचच भरून आलं. घरात सगळी माणसं जेवायला बसल्यावर तिला असंच व्हायचं.

"लागलं," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत पेट्या पुन्हा भरल्या. आणि मग सगळ्यांना दिसलं, ते मूळचं. काळी पट्टी बोटभर, मग वीतभर करडा दगड, परत काळी पट्टी, परत दगड. कोळसा होता, पण दगडात चिरफाळलेला. साहेबांनी ओळीवरून हात फिरवला आणि बूट ओढून घेतले.

"यात काढण्यासारखं काही नाही, मॅडम. कोळसा कितीही उगाळला तरी काळाच. मुक्काम हलवू या."

लेकाने सुनेकडे पाहिलं. सुनेने मांडीवरच्या पोरीकडे. मावशीने कुणाकडेच पाहिलं नाही.

मॅडम मात्र पेट्यांवरून उठल्या नव्हत्या. "साहेब, थोडं थांबा. मावशींनी जे केलं ना, ते वेडेपणाचं नाही." त्यांनी आपला पंजा पसरून पुढे धरला. "ही बोटं म्हणजे या काळ्या पट्ट्या. मधल्या फटीत दगड. पण बोटं कुठेतरी तळव्याला मिळतातच. ओढ्याकाठच्या पहिल्या भोकात या फटी हातभर रुंद होत्या. इथे वीतभर झाल्या. म्हणजे ओढ्यापासून दूर जाऊ तसतशी बोटं जवळ येतायत. पलीकडच्या माळावर तळवा असेल. काळ्याशेजारी काळं. मावशींनी जे पेटीत केलं, ते जमिनीने तिथे केलेलं असेल."

साहेबांनी स्वतःचा पंजा पसरून बराच वेळ पाहिला. तो अजून काळाच होता.

"एक भोक," ते म्हणाले. "माळावर एकच. नाही लागलं तर गाशा गुंडाळायचा."

"आणि कांड्या?" मावशीने विचारलं.

"कांड्या इथेच आणू. पण तुम्ही..."

"मी नाही हात लावत. म्हशीची शपथ."

मशीन माळावर चढलं. तिथे झाड नाही, झुडूप नाही. कुसळं आणि गोटे आणि वारा. पाणी टँकरने वर न्यायला लागायचं. लेक पहाटे जायचा, तो अंधार पडता पडता चिखलाचा होऊन यायचा. मावशी त्याच्या पाठीवर गरम पाणी ओतता ओतता रोज विचारायची, "काय निघालं?" आणि तो रोज म्हणायचा, "दगड."

"कसला?"

"पिवळा."

एके दिवशी तो म्हणाला, "करडा." त्या रात्री घरात जरा मोकळेपणाने जेवणं झाली.

आवरमावशीचे हाल मात्र कुत्रा खाईना. डोळ्यांसमोर पेट्या भरत होत्या, चिखलाच्या, वेड्यावाकड्या रंगांच्या, आणि तिला दारापर्यंतच मुभा होती. ती दारात हात मागे बांधून उभी राहायची. सून आत कांड्या लावायची, "डावीकडून, वरून, आली तशी," असं तोंडाने म्हणत. सुनेचा हात किती नेटका आहे, हे मावशीला तेव्हाच नीट दिसलं. आपल्यासारखाच. फक्त तिला कुठे थांबायचं ते कळत होतं.

एकदा तिने मॅडमना मनातलं विचारलं. "लागलंच तर माळ खणणार?"

"लगेच नाही. अजून पुष्कळ भोकं पाडायची, मोजायचं, मग वरचे ठरवणार. ते माझ्या हातात नाही, मावशी. खोटं कशाला सांगू?"

मावशीने जरा विचार केला. "ते आलं की बघू. माणसं घरात असली की भांडता तरी येतं."

बाजाराचा दिवस आला. मुकादमाने आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, हा शेवटचा फेरा, यायचं तर गाठोडी बांधून ठेवा. लेकाने मान हलवली होती, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. सकाळी सुनेने खाटेवर चादर पसरून त्यात सगळं काढून ठेवलं, दोन सदरे, दोन लुगडी, पोरीचे झगे, एक पातेलं. "बांधून ठेवाल का, आई?" म्हणाली आणि नातीला शेजारी सोडून माळावर गेली.

मावशी खाटेपाशी आली. सदऱ्याची बाही चादरीबाहेर लोंबत होती, पातेलं पालथं पडलं होतं, झगे बोळा झाले होते. या घरात इतका पसारा कधी कुणी पाहिला नव्हता. तिने तो तसाच ठेवला. गाठ मारली नाही, बाही आत घेतली नाही. दार ओढून ती अंगणात जाऊन बसली.

ट्रक आला तो भर दुपारी. दाराशी उभा राहिला, हॉर्न दिला. मुकादम खाली उतरला. "मावशी, झालं का त्यांचं?"

"माळावर आहेत."

"मला थांबता नाही यायचं."

"पाणी तर प्या."

तिने पाणी दिलं. मग चहा दिला. मग कप धुऊन पुसून ठेवले. मुकादम सारखा माळाकडे बघत होता, आणि ती बघत नव्हती. शेवटी तोच म्हणाला, "ते कोण पळतंय हो?"

मावशीने कपाळावर हात धरला. उतारावरून सून येत होती. तिचा पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात वर. हात कोपरापर्यंत काळे होते. पाठोपाठ जीप येत होती आणि जीपमध्ये मागे उभा राहून लेक पेट्या धरत होता, तोही काळा. सून धापा टाकत अंगणात आली. तिने नुसते हात सासूसमोर धरले.

जीप गोठ्याशी लागली. एकेक पेटी उतरली. पहिली खाच काळी, दुसरी काळी, तिसरी काळी. मध्ये कुठे नखभर करडी रेघ, की परत काळं. दुसरी पेटी तशीच. तिसरीही. साहेब सकाळपासून माळावरच होते. त्यांच्या शर्टाची तर रया गेली होती. ते पेटीपाशी बसले, मग एकदम मान वळवून मावशीकडे संशयाने पाहिलं.

"आजी, या वेळी तुम्ही नाही ना?"

मावशीने मागे बांधलेले दोन्ही हात पुढे आणून उलटसुलट करून दाखवले. स्वच्छ होते. मॅडम आधी हसल्या, मग साहेब, मग मिस्त्री, आणि काही न कळता मुकादमही हसला. म्हैस दाव्यासकट आत येऊन उभी राहिली आणि तिला कुणी हाकललं नाही.

"फोन करायचा ना, साहेब?" मिस्त्रीने गव्हाणीकडे हात केला.

"मॅडमनी मोजून झाल्यावर," साहेब म्हणाले. "आणि त्या शेडचं माझ्या लक्षात आहे."

शेवटच्या पेटीत एकच जागा रिकामी होती. तिथली कांडी सुनेच्या हातात होती, काळी, चकचकीत, टोकाला जरा तुटलेली. तिने ती सासूपुढे धरली.

"नको गं बाई. मी शपथ घेतलीय."

"ठेवा, आई. इथे. हे तोंड या तोंडाला."

मावशीने ती दोन्ही हातांनी घेतली. हलकी होती. तिने तुटलेलं तोंड तुटलेल्या तोंडाला लावलं, जरा फिरवलं, आणि कांडी बसली. त्यानंतर तिने पेटीची कडसुद्धा पुसली नाही.

मुकादमाचा ट्रक रिकामा गेला. जाताना त्याने हॉर्न दिला आणि मावशीने त्याला हात केला.

मग ती घरात आली आणि दार लोटून घेतलं. खाटेवर पसारा तसाच होता. तिने आधी पातेलं उचललं आणि फळीवर त्याच्या जागी ठेवलं. सदरे झटकून खुंटीला लावले. सुनेची लुगडी घडी करून पेटाऱ्यात ठेवली. पोरीचे झगे एकेक करून मांडीवर सरळ केले. बाहेरून नातीचा आणि म्हशीचा एकदमच आवाज आला. मावशीने चादर झटकली, खाटेवर नीट अंथरली, चारी कोपरे ओढले आणि मधली सुरकुती तळहाताने सपाट केली. तेवढ्यात नात चिखलाच्या पायांनी आत धावत आली आणि थेट चादरीवर चढून नाचायला लागली.

मावशी तिथेच जमिनीवर बसली आणि तिला नाचू दिलं.